वस्त्रहरण : महाभारतात घुसलेलं गाव

दशावतारी नाटकाला सहसा लिखित संहिता नसते. सिंधुदुर्गभर नट हार्मोनियम-पखवाज-झांजेच्या साथीवर आख्यानातले संवाद रंगमंचावरच रचतात.

या नाटकातला वेद चोरणारा संकासुर तर मालवणीतच टवाळी करतो. म्हणजे पुराण आणि गावगजालींची सरमिसळ इथे जुनीच.

नाटककार गंगाराम गवाणकरांनी ‘वस्त्रहरण’ नाटकात (१९८०) हीच सरमिसळ व्यावसायिक रंगभूमीवर आणली. गावकरी महाभारतावर नाटक बसवतात आणि राजदरबारात मालवणी घुसते. खरी करमणूक मात्र कथानकापेक्षा फसणाऱ्या तालमीत, मच्छिंद्र कांबळींनी रंगवलेल्या तात्या सरपंचात.

पु. ल. देशपांडे यांनी दाद दिली आणि नाटकाचं नशीब पालटलं. पुढे प्रयोग पाच हजारांवर गेले, लंडनलाही झाले.