पत्रीतला माका आणि मद्रासचा रेणू

गणपती जवळ आले की पत्रीबद्दल विचारणा सुरू होते. यंदाचा प्रश्न असा : बाजारातल्या जुडीत माका म्हणून येणारी पानं दरवर्षी वेगळी दिसतात, मग खरा माका कोणता, आणि तो कुंडीत येईल का?

एकवीस पत्रींत गणाधिपाला वाहायचा माका म्हणजे एक्लिप्टा प्रोस्ट्राटा, सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती. भाताचे बांध, पाटाच्या कडा, विहिरीजवळची ओल ही तिची घरं. खोड लालसर, खरखरीत. पानं समोरासमोर, लांबट, जवळजवळ बिनदेठाची. त्यांच्या बगलेत जेमतेम नखाएवढी पांढरी फुलं. भिंग असेल तर जरूर लावा: कडेला अरुंद पाकळ्यांची दाट झालर आणि मधे नळीसारखी इवली फुलं, बहुधा चारच दातांची. या कुळात पाच दात हा नेम, म्हणून हे पाहताना मला दरवेळी नव्याने मजा वाटते.

गल्लत होते ती एकदांडीशी. तिचं फूल उंच दांड्यावर एकटं असतं, मधोमध पिवळं, आणि पानांना खोल दाते असतात. खात्री हवी असेल तर पान चुरडून बोटांवर रस लावा आणि थोडं थांबा. माक्याचा रस हळूहळू काळा पडतो. कापलेलं वांगं हवेत काळवंडतं, तसंच इथेही ऑक्सिजन रसातल्या फिनॉल गटाच्या रसायनांना रंगवतो. गोंदणाच्या शाईत हा रस घालत, तो त्याच गुणामुळे.

आता माका घातलेल्या केसांच्या तेलांच्या जाहिराती. त्यांच्यामागचे बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत. माणसांवरचा भक्कम पुरावा फारच तोकडा. मला जास्त सांगावासा वाटतो तो माक्यातला वेडेलोलॅक्टोन हा रेणू, आणि त्याच्याबरोबर रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारींचं नाव. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी व सहकाऱ्यांनी १९५६ साली या रेणूची रचना प्रसिद्ध केली. आजच्यासारखी यंत्रं तेव्हा आपल्या प्रयोगशाळांत नव्हती. रेणू रासायनिक क्रियांनी फोडायचा, तुकडे ओळखायचे आणि त्यावरून मूळ सांगाडा तर्काने उभा करायचा. लसूणघासासारख्या चाऱ्यातलं याच घराण्यातलं कोमेस्ट्रॉल जगापुढे आलं ते पुढच्या वर्षी. गोविंदाचारींनी रेणू मिळवला होता पिवळ्या माक्यातून, म्हणजे पिवळ्या फुलांच्या वेगळ्या जातीतून. आपल्या पत्रीतल्या पांढऱ्या माक्यातही तोच असल्याचं मागाहून कळलं. ब्राझीलच्या वॉल्टर मॉर्स यांच्या गटाने १९८९ साली तिथल्या खुळखुळ्या सापाच्या विषाविरुद्ध माक्याचा अर्क प्रयोगशाळेत तपासला, तेव्हा ज्या घटकांवर नजर गेली त्यांत हाच रेणू होता. (साप चावला तर मात्र थेट रुग्णालय आणि प्रतिविष, दुसरा विचार नको.) गोविंदाचारी पुढे मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक झाले. मुंबईत काम केलेल्या या माणसाचं नाव आपल्या शालेय पुस्तकांत असायला हवं होतं.

रोपवाटिकेत 'पिवळा भृंगराज' (भृंगराज म्हणजे माकाच) म्हणून जे विकतात ते पुष्कळदा तीन खंडांच्या पानांचं मध्य अमेरिकेतलं वेडेलिया निघतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत ते आहे. ते घेऊ नका.

खरा माका लावणं सोपं आहे. पसरट कुंडी, शेणखत मिसळलेली पोयटा माती, चांगलं ऊन. बी वर नुसतं भुरभुरा, मातीआड करू नका. रुजायला त्याला उजेड लागतो. किंवा पेरांसकट फांदी खोचा, पेरांतून मुळं सुटतात. माती कधीच सुकू देऊ नका. कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवली तरी चालेल, फक्त पाणी वरचेवर बदला, नाहीतर डास होतील. रोप मात्र सांडपाण्याच्या नाल्यातून उचलू नका. बोंडं काळपट झाली की बी आपोआप गळतं आणि त्याच कुंडीत पुन्हा उगवतं, म्हणून आषाढात एकदा लावलेला माका भाद्रपदात पत्रीला आणि पाठोपाठ पितृपंधरवड्यातल्या श्राद्धालाही पुरतो.