पक्ष्याच्या छायाचित्राशेजारी तळ्याचेही छायाचित्र हवे

विद्यार्थी मित्रांनो, समजा तुम्ही कॅमेरा घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर गेला आहात. काठच्या चिखलात लांब गुलाबी पायांचे, काळ्या पंखांचे चाळीस-पन्नास पक्षी उभे आहेत. हे शेकाटे. तुम्ही भराभर छायाचित्रे घेता आणि म्हणता, "केवढे पक्षी! आपले तळे किती छान आहे!" पण जरा थांबा. कदाचित तुमचे छायाचित्र नेमके उलटे सांगत असेल. ते कसे, ते पाहू या.

पाणपक्ष्याचे पाय आणि चोच नीट पाहिली, की त्याला कसे पाणी लागते ते कळते. टिबुकली आणि पाणकावळा बुडी मारून भक्ष्य पकडतात. त्यांना मोकळे, बऱ्यापैकी खोल पाणी हवे. टिबुकलीचे पाय तर शरीराच्या अगदी मागच्या टोकाला असतात. पोहायला उत्तम, पण चालायला गैरसोयीचे. कमळपक्ष्याची बोटे फार लांब असतात. त्यामुळे त्याचे वजन विभागले जाते आणि तो तरंगत्या पानांवरून सहज चालतो. त्याचे घरटेही अशाच पानांवर असते आणि अंडी उबवतो तो नर! शेकाट्या उथळ पाण्यातले व चिखलातले किडे टिपतो. गायबगळ्याला पाणी नसले तरी चालते. तो गुरांमागून गवतात हिंडतो.

आता तळे नाहीसे कसे होते ते पाहा. पुण्याच्या पाषाण तलावाचे उदाहरण घ्या. रामनदी अडवून हा तलाव ब्रिटिश काळात बांधण्यात आला. पुढे भोवती शहर वाढले. नदीबरोबर गाळ आणि सांडपाणी तलावात येऊ लागले. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस म्हणजे वनस्पतींचे खतच. त्यावर जलपर्णी फोफावली. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती अनुकूल परिस्थितीत सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. तिच्या दाट थराखाली प्रकाश पोचत नाही, म्हणून पाण्यातील वनस्पती प्राणवायू तयार करू शकत नाहीत. शिवाय मेलेली पाने कुजताना उरलेला प्राणवायूही वापरला जातो. मासे मरतात आणि बुडी मारणारे पक्षी दुसरीकडे जातात.

मग शेकाटे का वाढतात? घाण पाण्याच्या चिखलात चिलटांसारख्या काही कीटकांच्या लाल अळ्या भरपूर असतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या थोड्या प्राणवायूवरही जगतात. शेकाट्यांना ही मेजवानीच! अर्थात शेकाटे स्वच्छ उथळ पाण्यातही येतात. म्हणून केवळ त्यांच्यावरून निष्कर्ष काढू नका. टिबुकली कमी झाली का, कमळपक्षी दिसेनासा झाला का, हेही पाहायला हवे.

येथे तुम्ही विचाराल, "तळे तर दर उन्हाळ्यात आटतेच. मग ते नाहीसे होत आहे हे ओळखायचे कसे?" प्रश्न अगदी योग्य आहे. मे महिन्यातल्या तळ्याची तुलना ऑक्टोबरमधल्या तळ्याशी करून चालणार नाही. यंदाच्या ऑक्टोबरची तुलना पुढच्या ऑक्टोबरशी, आणि तीही अनेक वर्षे, केली पाहिजे. त्या वर्षीचा पाऊसही लक्षात घेतला पाहिजे.

त्यासाठी एक सोपा प्रयोग करा. काठावरचा एखादा न हलणारा दगड निवडा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी त्याच दगडावरून, त्याच दिशेने तळ्याचे एक छायाचित्र घ्या. चौकटीत टेकडी किंवा देवळाचा कळस अशी स्थिर खूण येऊ द्या. मग पक्ष्यांची छायाचित्रे घ्या. वहीत तारीख, वेळ, पक्ष्याचे नाव आणि संख्या लिहा. फिल्मच्या एका रोळात फक्त ३६ छायाचित्रे येत, तेव्हा प्रत्येक जपून घ्यावे लागे. आज मोबाइलवर हवी तेवढी घेता येतात, पण नोंद नसेल तर त्यांचा उपयोग फार थोडा.

पक्षी टिपताना सूर्य आपल्या पाठीशी ठेवा. मातकट रंगाचे कपडे घाला, खाली बसा आणि वाट पाहा. उडणाऱ्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून अधिक ठेवा. घरट्याजवळ मात्र मुळीच जाऊ नका. पक्षी उठला, की अंडी उन्हात तापतात आणि कावळ्यांना घरट्याचा पत्ता लागतो. रानपक्ष्यांची अंडी व घरटी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र ठरले. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचे नाव आहे. पण गावोगावची लहान तळी अशा कोणत्याही यादीत नसतात. त्यांच्यात राडारोडा टाकला जातो, जमीन सपाट होते आणि दहा वर्षांनी कोणी म्हणते, "इथे कधी पाणी नव्हतेच!"

त्या वेळी तुमची वही आणि त्याच दगडावरून घेतलेली छायाचित्रे पुढे ठेवता येतील. तेव्हा मित्रांनो, येत्या रविवारी आधी दगड निवडा. आपल्या विज्ञान शिक्षकांनाही बरोबर न्या.