खारे पाणी, गोडे पाणी : वसई-विरारचा एक परिचय

मुंबईहून पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे निघालेली गाडी भाईंदर सोडून खाडीच्या पुलावर चढली, म्हणजे दोन्ही बाजूंस काही क्षण पाण्याचाच विस्तार दिसतो, मध्ये पाणजू बेटाची हिरवी पट्टी येते, पुन्हा पाणी लागते, आणि मग नायगावच्या मिठागरांपासून वैतरणेच्या मुखापर्यंत पसरलेला, आज वसई-विरार शहर या नावाने ओळखला जाणारा मुलूख सुरू होतो. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर अशी याची चतुःसीमा निसर्गानेच आखून दिली असली, तरी कारभाराच्या दृष्टीने हा प्रदेश एक झाला तो अगदी अलीकडे. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतालची पुष्कळशी गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या शिरगणतीत तिच्या हद्दीतील लोकसंख्या बारा लाखांच्या वर भरली. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले तेव्हा हे शहर नव्या पालघर जिल्ह्याकडे गेले. दप्तरातील हकीकत एवढीच आहे. परंतु या चार गावांची वये, बोली आणि उदरनिर्वाहाची साधने इतकी निरनिराळी आहेत, की त्यांना जोडणारे खरे सूत्र शोधू जाता ते पालिकेच्या ठरावांत न सापडता पाण्यात सापडते, असे मला वाटते.

पूर्वी वसई हे बेट होते. वसईच्या खाडीपासून वैतरणेपर्यंत एक चिंचोळा प्रवाह सोपाऱ्यावरून वाहत असे. त्याच्या पश्चिमेस समुद्रकाठची वालुकामय, किंचित उंच पट्टी, पूर्वेस डोंगराचा पायथा, आणि दोहोंमध्ये भरतीचे पाणी घेणारी सखल खाजण जमीन. ही रचना वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण या शहराचे वैभव तिच्यातूनच उद्भवले आणि आजची संकटेही तिच्याशीच निगडित आहेत.

या प्रवाहाच्या काठी वसलेले सोपारा हे वसईच्याही आधी कित्येक शतके जगाला ठाऊक होते. महाभारतातील शूर्पारक ते हेच. ग्रीक नावाड्याच्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात आणि टॉलेमीच्या भूगोलात याचे नाव येते, आणि नाशिकच्या लेण्यांत उषवदाताने खोदविलेल्या लेखातही याचा उल्लेख आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखले जाणारे टेकाड उकरले, तेव्हा तो कोट नसून बौद्ध स्तूप असल्याचे निष्पन्न झाले. त्याच्या गर्भात एक मोठा गोल दगडी करंडक निघाला. त्यात तांब्याचा डबा, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, असे एकात एक करंडक होते. सोन्याच्या त्या इवल्याशा डबीत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे जपून ठेवलेले होते, आणि भोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती बसविलेल्या होत्या. ज्यांना भगवान बुद्धांच्या पात्राचे अवशेष म्हणून इतक्या भक्तीने पुरले गेले, ती साधी खापरे आहेत हे पाहून आजचा मनुष्यही क्षणभर स्तब्ध होतो. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडा सोपाऱ्यात मिळाला, आणि पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या शासनाचा तुकडा हाती आला. अशोकाची आज्ञा जेथे दगडावर कोरली जावी असे हे बंदर होते. ते लोपले याचे मोठे कारण खाडीत साचत गेलेला गाळ होय. पाण्याने दिलेले पाण्यानेच परत नेले आणि व्यापार अन्यत्र वळला. नालासोपारा स्थानकावर रोज चढउतार करणाऱ्या अपार समुदायाला हा स्तूप आपल्या स्थानकापासून किती जवळ आहे याची जाणीव करून देणारी व्यवस्था व्हावी, असे मला मनापासून वाटते.

सोपारा मागे पडले तरी खाडीच्या मुखाचे महत्त्व मात्र उरलेच. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली, आणि खाडी जेथे समुद्रास मिळते नेमक्या त्या जागी त्यांनी जो किल्ला बांधला तो किल्ला नव्हे, तटबंदीच्या आत वसविलेले नगरच होते. त्यांच्या उत्तर प्रांताचे हे मुख्य ठाणे. येथे जहाजे बांधली जात, आणि या भागातील दगड बांधकामासाठी दूरवर जात असे. आज भू-दरवाजाने आत शिरून बंदर दरवाजाने कोळीवाड्याच्या बाजूस बाहेर पडावे, म्हणजे वाटेत छप्पर उडालेली चर्चे, उंच मनोरे, पोर्तुगीज लेख कोरलेले थडग्यांचे दगड आणि भिंती फोडून वाढलेले वृक्ष दिसतात. आणि याच परिसरात पेशवाईतील नागेश्वराचे देवालयही भेटते.

सोळाव्या शतकाच्या मध्यास याच नगरात पोर्तुगीज पिता आणि वसईची माता यांच्या पोटी गोन्सालो गार्सिया जन्मास आला. पाद्र्यांबरोबर तो कोवळ्या वयात जपानला गेला, तेथील भाषा उत्तम शिकला, काही काळ व्यापारात पडला, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला आणि १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला पोहोचला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर ज्या सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले, त्यांत तो होता. १८६२ साली पोपने त्याला संतपद दिले. भारतभूमीत जन्मून संतपद लाभलेला हा पहिला पुरुष. नागासाकीही बंदराचेच गाव. समुद्राने जोडलेल्या दोन नगरांचा हा रक्ताचा संबंध वसईकर ख्रिस्ती समाजाने विस्मरणात जाऊ दिलेला नाही. वसईत त्याच्या नावाने महाविद्यालय उभे आहे.

मराठ्यांच्या वसई मोहिमेचे वर्णन शाळेच्या पुस्तकांतून सर्वांनी वाचलेले असल्यामुळे येथे विस्तार करीत नाही. चिमाजी अप्पांच्या सैन्याने दलदलीतून मोर्चे पुढे सरकवून, तटाखाली सुरुंग लावून आणि सहस्रावधी माणसे खर्ची घालून मे १७३९ मध्ये किल्ला घेतला, हे सर्वश्रुत आहे; परंतु पाडाव झालेल्या पोर्तुगीजांना शस्त्रांसह आणि मानाने बाहेर पडू देण्यात आले, ही गोष्ट त्या विजयाला अधिक शोभा देणारी आहे. चर्चांच्या घंटा मात्र महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरास आणि वाईजवळच्या मेणवलीस त्या अद्याप टांगलेल्या आहेत. ज्या वसईने मराठी पराक्रमाची परमावधी पाहिली, त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून तैनाती फौज पत्करली. खाऱ्या पाण्याचा इतिहास येथे जवळजवळ संपतो.

यापुढे गोड्या पाण्याविषयी लिहिताना माझी लेखणी सहज रेंगाळते. समुद्रकाठच्या त्या वालुकामय पट्टीत पावसाचे पाणी मुरते आणि खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. या थरावर गिरीज, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या गावांतील वाड्या फुलल्या : केळी, विड्याची पाने, भाजीपाला आणि फुले. वाडीच्या सखल भागात खोदलेल्या तळीला येथील लोक ‘बावखल’ म्हणतात. पावसाळ्यात ही तुडुंब भरते, तिचे पाणी सावकाश जमिनीत झिरपून भोवतालच्या विहिरींना पोहोचते, आणि उन्हाळ्यात वाडी शिंपायलाही तीच उपयोगी पडते. पूर्वी तिच्या व विहिरींच्या काठी बैलांनी फिरणारे रहाट करकरत असत. कोणत्याही अभियंत्याने आखून न दिलेली ही जलव्यवस्था सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ, माळी या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, आणि माझ्या मते किल्ल्याहूनही ती या भूमीची अधिक मोलाची वास्तू आहे.

या पाण्यावर वाढलेल्या राजेळी केळ्यांपासून होणारी सुकेळी ज्याने खाल्ली नसेल, त्याला वसईची गोडी पुरती कळली असे म्हणता येणार नाही. पाऊस सरला की तयार घड उतरवून केळी ऊब देऊन पिकवितात, सोलून उन्हात मांडतात, रात्री झाकून ठेवतात आणि सकाळी पुन्हा पसरतात. असे आठवडाभर चालले म्हणजे केळे आक्रसून मधाच्या रंगाचे होते, आणि मग ती केळी वाळक्या केळीच्या पानांत आवळून बांधतात. साखरेचा कण न घालता टिकणारा हा मेवा करणारी घरे आता थोडी उरली आहेत. इकडे वाड्यांत हे चालू असता पाचूबंदर आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कोळणी वलांडीवर बोंबील वाळत घालीत असतात. सामवेदी बोली, कोळ्यांची बोली, वाडवळी, आणि डोंगराकडच्या वारली पाड्यांची भाषा, असे मराठीचे किती तरी सूर एका तालुक्यात ऐकू येतात. ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविणारे आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले.

रेल्वेने हा प्रदेश मुंबईस जोडला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली स्थानिक गाडी सुटली, आणि १९३६ च्या सुमारास विजेची गाडी विरारला पोहोचली. तरीही रूळ गेले ते पूर्वेकडील सखल भागातून, त्यामुळे किनाऱ्यावरील वाड्या दीर्घकाळ शांत राहिल्या. मुंबईत घर घेणे ज्यांना अशक्य झाले त्या कष्टाळू कुटुंबांचा लोंढा विसाव्या शतकाच्या अखेरीस इकडे वळला आणि १९९० मध्ये नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले, तेव्हापासून रुळांच्या दोन्ही अंगांस इमारती दाटत गेल्या. या नव्या इमारतींना पाणी हवे होते. ते वाड्यांतील विहिरींतून उपसून टँकरने जाऊ लागले, आणि गोडे पाणी उपसावे तसतसे समुद्राचे पाणी आत सरकून विहिरी मचूळ होऊ लागल्या. याविरुद्ध फादर दिब्रिटो आणि त्यांच्या सर्वधर्मीय सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभारली. तिची टिंगल करणारे त्या वेळी थोडे नव्हते. परंतु जमिनीखालच्या पाण्याचा हिशोब तिने मांडला, आणि तो खरा ठरला. आलेल्या कुटुंबांना दोष देणे मला सर्वथा अन्यायाचे वाटते. पहाटेच्या गाडीला लोंबकळून कामावर जाणाऱ्या माणसाने स्वस्त घर घेतले यात त्याचा अपराध कोणता? नळ येण्यापूर्वी इमारतींना परवानगी देण्यात आली, अपराध तेथे आहे. आज उसगाव आणि पेल्हारची धरणे व सूर्या नदीवरील धामणी धरण यांतून शहरास पाणी मिळते.

पावसाच्या पाण्याची गोष्ट याहून सोपी आहे. ज्या खाजणांतून आणि मिठागरांतून भरती-ओहोटी सुखाने ये-जा करीत असे, ती भरावाने बुजली. डोंगरावरून उतरणारे पाणी आणि समुद्रातून चढणारे पाणी यांची गाठ आता वस्तीतच पडते. जुलै २०१८ मध्ये रूळ पाण्याखाली जाऊन नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या एक्स्प्रेस गाडीतील प्रवाशांना बचाव पथकांच्या साहाय्याने बाहेर काढावे लागले. प्राचीन सोपाऱ्याची गलबते ज्या सखल पट्ट्यातून ये-जा करीत, तोच हा पट्टा.

ज्यांना हे शहर प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी पावसाळा संपल्यावर यावे, सकाळी वसई रोडला उतरून आधी किल्ला पाहावा, दुपारी निर्मळच्या तळ्याकाठी शंकराचार्यांची समाधी म्हणून पूजिले जाणारे स्थान पाहून वाड्यांमधल्या रस्त्याने आगाशीस जावे, वाटेत कोणाची परवानगी घेऊन एखादी बावखल अवश्य पाहावी, आणि वेळ उरल्यास अर्नाळ्याहून होडीने बेटावरच्या किल्ल्यात जाऊन यावे. मात्र परतीची होडी केव्हा सुटते हे किनाऱ्यावर आधी विचारून ठेवावे.