हरभऱ्याच्या झाडावर गिऱ्हाईक

साडीच्या दुकानात गादीवर बसलेला विक्रेता “ताई, हा रंग तुमच्यावर काय खुलतोय!” म्हणतो, तेव्हा हेच वाक्य मघाशी शेजारच्या बाईंनाही ऐकवलं गेलंय हे ताईंना पक्कं ठाऊक असतं. तरी ती साडी बाजूला सारताना हात जरा अडखळतोच. हाँगकाँगमध्ये एलेन चॅन आणि जयदीप सेनगुप्ता यांनी या अडखळण्याचाच अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना कपड्यांच्या एका नव्या दुकानाचं पत्रक दिलं. त्यात वाचणाऱ्याच्या फॅशनच्या जाणिवेचं कौतुक होतं. मजकूर छापील, म्हणजे लिहिणाऱ्यानं आपल्याला पाहिलेलंही नाही, हे उघड होतं. विचार करून मत देताना विद्यार्थ्यांनी त्या स्तुतीला फारसा भाव दिला नाही. झटपट मत घेतलं, तेव्हा मात्र दुकानाबद्दलची पसंती वाढलेली दिसली. शिवाय काही दिवसांनंतरच्या कलावर प्रभाव पडला तो या झटपट मताचाच.

मग छोट्या दुकानदारानं गिऱ्हाइकाला खुशाल हरभऱ्याच्या झाडावर चढवावं का? माझ्या मते नाही. पत्रकाला चेहरा नसतो, दुकानदाराला असतो. केली मेन, डॅरन डाल आणि पीटर डार्क यांच्या २००७ च्या अभ्यासात विक्रेत्यानं समोरासमोर स्तुती केल्यावर त्याच्यावरचा विश्वास घटला. खरेदी उरकल्यावर, म्हणजे स्तुतीतून काही पदरात पडणार नसताना केलेल्या कौतुकाचाही संशयच आला. मॉलमधला विक्रेता पुढच्या खेपेला कदाचित तिथे नसतो. कोपऱ्यावरच्या दुकानात मालक तोच आणि गल्लाही तोच. साडी घरी गेली की नणंद-जावा खरं काय ते सांगतात, आणि खोटा शब्द त्याच मालकाच्या खाती जमा होतो.

यावर कोणी अमेरिकेतल्या हॉटेलांचा दाखला देईल. जॉन सायटर यांच्या २००७ च्या अभ्यासात, ग्राहकानं निवडलेल्या पदार्थाची वाखाणणी करणाऱ्या वेटरना टीप जास्त मिळाली. खरं आहे. पण तिथे कौतुक झालं ते निवडीचं. आणि पुढच्या एका अभ्यासात टेबलावर माणसं वाढली तशी कौतुकाची जादू ओसरली. सगळ्यांना सरसकट वाटलेला शब्द कोणाचाच राहत नाही, असा मी याचा अर्थ लावतो. “प्रिय ग्राहक, आपण आमच्यासाठी खास आहात” हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश त्याच जातीचा. त्यापेक्षा “मागच्या वेळी बाही आखूड ठेवायला लावलीत, ते बरोबर होतं” असं म्हणणारी शिवणकाम करणारी बाई कितीतरी पुढे आहे. गिऱ्हाइकाची अशी आठवण ठेवायला मोठ्या कंपन्या लॉयल्टी कार्डांवर पैसा ओततात. तिला ती फुकट असते. तिनं अधूनमधून “हा गळा तुम्हाला नको” असंही म्हणावं. एखादी ऑर्डर जाईल, पण कधीच नाही न म्हणणाऱ्याच्या होकाराला वजन कुठून येणार?

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर टोप्या विकणाऱ्याला यातलं फारसं काही लागू नाही. संध्याकाळच्या एसटीनं निघून जाणाऱ्याला टोपी शोभते म्हणण्यात त्याचं काही बुडत नाही.