मांडुळाची शेपूट

अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे पाऊस धो धो कोसळतो. तिथून कळस गाव ओलांडून संगमनेरकडे निघालं, की तो कमी होत जातो आणि प्रवराकाठचा ऊस सोडला तर कोरडवाहू रानं लागतात. अशी कोरडी, भुसभुशीत जमीन मांडूळ या सापाला मानवते. दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅनाकोंडाचा हा दूरचा नातलग. त्याच्यासारखाच बिनविषारी, त्याच्यासारखाच अंडी न घालता थेट पिल्लं देणारा. लांबी मात्र जेमतेम तीन फूट.

मांडूळ जवळून पाहावं. तपकिरी अंग, गुळगुळीत बारीक खवले, मोहरीएवढे डोळे आणि माती उकरायला फाळासारखं चपटं नाक. दिवसा ते मातीत किंवा उंदरांच्या बिळात दडून राहतं, रात्री बाहेर पडतं आणि उंदराला विळखा घालून मारतं. धोका जाणवला, की वेटोळं करून डोकं खाली दडवतं आणि बोथट शेपूट वर काढतं. शत्रू तिलाच तोंड समजून चावा घेतो. शेपटीवर जखम होते, जीव वाचतो.

याच शेपटीमुळे लोकांनी त्याला दुतोंड्या ठरवलं. पुढे गुप्तधन दाखवतं, पैसा खेचून आणतं, अशा भाकडकथा जोडल्या गेल्या आणि वजनावर लाखोंचे भाव सांगितले जाऊ लागले. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या डब्ल्यूसीएस-इंडिया या संस्थेच्या अहवालानुसार २०१६ ते २०२१ या काळात देशात मांडूळ जप्तीच्या १७२ घटना नोंदल्या गेल्या. त्यांत सर्वाधिक, ५९, महाराष्ट्रातल्या होत्या.

त्याचा भाऊबंद डुरक्या घोणस वेगळ्याच कारणाने मरतो. अंगावरच्या गडद ठिपक्यांमुळे तो विषारी घोणस समजून ठेचला जातो. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या ओळी असतात, डुरक्याचे ठिपके वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले. त्याची शेपूटही अगदी आखूड. पण अंधारात ओळख पटवायच्या फंदात पडू नये, लांब राहावं.

दोन्ही साप उंदीर खातात, म्हणजे शेतकऱ्याचंच काम करतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यांना पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. बांधावर मांडूळ दिसलं तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावं. घरात शिरलं किंवा कुणी सौदा करताना आढळलं, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. मांडुळाने कुणाला धन मिळवून दिल्याचा एकही पुरावा नाही. त्याच्या सौद्यात तुरुंगात गेलेले मात्र पुष्कळ आहेत.