हिंदमाताला पाणी का भरतं?

गिरगाव, नायगाव, माझगाव, आणि पुढे गिरण्या आल्यावर पडलेलं गिरणगाव. मुंबईच्या या पट्ट्यात नावानावात गाव आहे. गाव म्हटलं की टेकडी, खाडी, वाडी, खाजण हे आलंच. ते सगळं इथे होतं आणि बरंचसं अजूनही आहे, फक्त डांबराखाली गेलं आहे. परळ-लालबागला, त्यातही परळ आणि दादरच्या मधल्या हिंदमाताच्या चौकात, पावसाळ्यात कंबरभर पाणी का साचतं हे समजून घ्यायचं तर आधी हे गाव पाहायला हवं.

मुंबई सपाट आहे असं आपण धरून चालतो. ती तशी नाही. बेटाच्या दोन्ही कडांना काळ्या कातळाच्या टेकड्यांची एकेक रांग आहे. पश्चिमेला मलबार हिल, खंबाला हिल आणि मग थोडी फट सोडून वरळीची टेकडी. पूर्वेला डोंगरी, माझगावचा भंडारवाडा, घोडपदेव, परळ, शिवडी. हा ज्वालामुखीच्या लाव्हाचा दगड, सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये चिखलाचा एक थर सापडला आणि त्यात छोट्या बेडकांचे जीवाश्म. 1847 मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. म्हणजे लाव्हाच्या त्या काळातही वरळीत पाणी साचत होतं.

या दोन रांगांच्या मधला भाग म्हणजे बशीचा तळ. इथे जमीन नव्हतीच म्हटलं तरी चालेल. मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही वेगवेगळी बेटं, आणि त्यांच्यामध्ये भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. पायधुनी हे नाव त्याचीच खूण: खाडीचं पाणी तुडवून आलेला माणूस तिथे पाय धुऊन पुढे जायचा. उमरखाडीत तर खाडी नावातच राहिली आहे. गिरगाव मात्र या चिखलापासून वेगळं. ते समुद्रालगतच्या वाळूच्या पट्ट्यावर, मलबार हिलच्या पायथ्याशी वसलं. तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या झाल्या. फणसवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी ही नावं आजही पत्त्यात लिहिली जातात.

बशीत पाणी शिरायचं ते मुख्यतः पश्चिमेच्या त्या फटीतून, महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधून. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात तिथे बांध घातला गेला. तो 1784 च्या सुमारास पुरा झाला. हॉर्नबी वेलार्ड तो हाच. आज त्यावरून लाला लजपतराय मार्ग जातो. बांधकाम पुन्हा पुन्हा ढासळत होतं, मग रामजी शिवजी प्रभू या अभियंत्याला देवीचा दृष्टान्त झाला, समुद्रातून मूर्ती वर आल्या आणि महालक्ष्मीचं देऊळ उभं राहिलं, अशी आख्यायिका आहे. मागाहून पूर्वेच्या आणि उत्तरेच्या फटीही बुजल्या. माहीमचा कॉजवे 1845 मध्ये खुला झाला.

आता खरी मेख. बांधाने समुद्र अडवला, पण जमीन वर उचलली नाही. पुढे भराव पडले, रस्ते झाले, 1883 मध्ये महालक्ष्मीचं रेसकोर्स झालं, गिरण्या आणि चाळी उभ्या राहिल्या. तरी तळाचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खालीच राहिला. समुद्र आत येऊ नये म्हणून घातलेल्या बांधानेच पावसाचं पाणी आत कोंडलं.

केईएम रुग्णालयाच्या दारात उभे राहा. तुम्ही परळच्या उंचवट्यापाशी आहात. जवळच हाफकिन संस्थेची वास्तू आहे, एके काळचं गव्हर्नरचं निवासस्थान; इंग्रजांनी राहायला उंच, कोरडी जागा निवडली होती. बारादेवीच्या देवळातलं अखंड दगडातलं भव्य शिवशिल्पही याच परिसरात 1931 मध्ये रस्त्याचं काम करताना सापडलं. म्हणजे या उंचवट्यावर माणसाची वस्ती फार जुनी. आता आंबेडकर रस्त्याने दादरकडे चालायला लागा. उतार इतका मंद की पायाला कळतही नाही, पण पाण्याला कळतो. हिंदमाताच्या चौकात तो संपतो आणि पलीकडे दादर टीटीकडे पुन्हा चढ लागतो. चहूकडचं पाणी इथे उतरतं. इथल्या कापडाच्या दुकानांत नीट पाहिलंत तर दिसेल, की जोतं रस्त्याहून वर घेतलेलं आहे आणि पावसाळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवून तागे वर चढवलेले आहेत.

इथून पाणी जायचं कुठे? पर्जन्य जलवाहिन्यांतून दूर रे रोडच्या ब्रिटानिया उदंचन (पंपिंग) केंद्राकडे, तिथून समुद्रात. शहराच्या जुन्या वाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, तेही ओहोटी असेल तर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला दिवसभरात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर 50 मिलिमीटरच्या हिशेबाने काम हाती घेतलं गेलं. पण खरी अडचण तोंडाशी आहे. बहुतेक पातमुखं, म्हणजे वाहिन्या समुद्राला मिळतात ती तोंडं, भरतीच्या पातळीखाली येतात. भरती चढली की दारं बंद करावी लागतात, नाहीतर समुद्रच गटारातून उलटा आत येईल. त्या वेळी पाणी बाहेर टाकायचं ते पंपानेच.

अलीकडे महापालिकेने वेगळा मार्ग धरला: परळचं सेंट झेवियर्स मैदान आणि दादरचं प्रमोद महाजन कलापार्क यांच्या खाली टाक्या बांधल्या. भरती असेपर्यंत पाणी तिथे साठवायचं, ओहोटी लागली की सोडायचं. मला हा उपाय पटतो, कारण गावाने पूर्वी हेच केलं होतं. गिरण्यांच्या आवारात तलाव होते, मोकळी माती होती. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये असा तलाव अजून आहे. गिरणी कामगारांच्या 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, जमिनींवर टॉवर आले आणि पाणी थांबायची, मुरायची जागा काँक्रीटखाली गेली. टाक्या बांधणं आवश्यक होतं, पण उरलेली मैदानं मातीची ठेवणं त्याहून आवश्यक आहे. ती फरसबंद करायचा प्रस्ताव आला, तर रहिवाशांनी विरोध करायलाच हवा.

आणि रोजच्या कामाची एक गोष्ट. कोळी लोक मोठ्या भरतीला उधाण म्हणतात, लहान भरतीला भांग. उधाण येतं पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस, आणि मुंबईत त्याची भरती साधारण दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान असते. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतेच. पावसाळ्यात त्या दिवसांत सकाळपासून संततधार असेल, तर दुपारी हिंदमाताच्या खालच्या रस्त्याने मुलांना आणू नका. ओहोटी लागेपर्यंत थांबा.