मोती चौकातला पेढा आणि चुन्याची भिंत

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या साताऱ्यात पाहुणा आला की परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी मोती चौकात एक फेरी होतेच. राजवाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावरचा हा चौक कंदी पेढ्याचा. मोदी, लाटकर ही नावं साताऱ्याबाहेरही पेढ्याबरोबरच घेतली जातात. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, पुढे शहर राजधानी झालं आणि पेठा वसत गेल्या. जुन्या पेठांमधल्या दुकानाचा घाट ठरलेला असे: रस्त्याला लागून ओटा, ओट्यावर दुकान, मागे घर. दाराला शटर नव्हतं. उंबऱ्याच्या खाचेत एकेक करून बसवायच्या लाकडी फळ्या होत्या. सकाळी फळ्या काढल्या की दुकान रस्त्याला मोकळं. गादीवर मालक, समोर पितळी परातीत रचलेले पेढे, बाजूला तराजू.

कंदी पेढा दिसायला साधा. खवा तांबूस होईपर्यंत परतायचा, साखर बेताची, वेलदोडा, मग हातानं वळायचा. परतताना पाण्याचा अंश उडतो, म्हणून तो पांढऱ्या पेढ्यापेक्षा जास्त दिवस टिकतो. या मिठाईचा सगळा कस ओलावा आटवण्यात आहे. दुकानाच्या खोलीनंही तेच काम करायला हवं. पश्चिमेकडून येणारा पाऊस साताऱ्याला महिनोन् महिने ओलं ठेवतो, तेव्हा तर नक्कीच.

आजकाल मिठाईचं दुकान नवं करायचं म्हणजे काय करतात, हे कुठल्याही गावात दिसतं. खाली चकचकीत टाइल्स, भिंतींना प्लायवूड आणि त्यावर सनमायका, वर जिप्समचं खोटं छत, त्यात दिव्यांच्या पट्ट्या. असं दुकान सातारा, सुरत, सोलापूर कुठलंही असू शकतं. पण माझी खरी तक्रार दिसण्याची नाही. पहिल्या दोन पावसाळ्यांत प्लायवूडच्या कडा फुगतात, खोट्या छतावर बुरशीचे डाग उमटतात, प्लास्टिक पेंटखालचं सिमेंट घाम आल्यासारखं ओलं राहतं. जी वस्तू कोरडी राहावी म्हणून कारागीर कढईपाशी हात दुखेपर्यंत झारा फिरवतो, ती अशा खोलीत ठेवायची?

यावरचा उपाय जिल्ह्यातच उभा आहे. वाईजवळ मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा पाहा. काळ्या दगडाचं जोतं, जाड भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी खांब आणि तुळया, वर कडीपाट. चौकाचौकांतून वारा खेळतो. वाईच्या घाटावर रास्ते घराण्यानं बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू माशासारखी निमुळती केली आहे, कृष्णेचा लोंढा दुभंगून जावा म्हणून. पाण्याशी कसं वागायचं, हे या मुलखातल्या गवंड्यांना ठाऊक होतं. पेढ्याच्या दुकानाचं नवं अंतरंग याच मंडळींकडून शिकायचं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात पायाखालून. सह्याद्रीचा काळा दगड इथल्या डोंगरांत मुबलक आहे. तो घट्ट असल्यानं तूप सांडलं तरी सहसा आत मुरत नाही. काऊंटरसाठी तोच चांगला, घासून गुळगुळीत केलेला. शहाबादी फरशी गार आणि स्वस्त, तिला मात्र लिंबू-चिंचेसारखा आंबटपणा खातो. पेढ्याच्या दुकानात ती अडचण फारशी नाही, फरसाण-भेळेच्या दुकानात आहे. महाबळेश्वर-पाचगणीकडचा जांभा रंगानं मोहात पाडतो, पण तो छिद्राछिद्रांचा. दर्शनी भिंतीला शोभेल, खाद्यपदार्थ ठेवायच्या जागी नको.

आणि भिंतीला चुना. याच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण चुन्याचं काम आता विसरत चाललं आहे. चुनखडी भाजून केलेली कळी पाण्यात विरवतात, विरलेला चुना जितका मुरेल तितका चांगला. मग वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात मळायचा. जुने गवंडी त्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा चिकट गर, कुठे उडदाचं पीठ घालत. लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगड बनतो. हवेत दमटपणा वाढला की तो थोडं पाणी आत घेतो, हवा कोरडी झाली की सोडून देतो. शिवाय ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला त्यावर मूळ धरता येत नाही. दुकानदाराला याहून दुसरं काय हवं?

आता नियमांचं. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीप्रमाणे जिथे पदार्थ तयार होतो तिथल्या भिंती आणि जमीन गुळगुळीत, सहज धुता येण्याजोगी हवी, पोपडे पडता कामा नयेत. हे रास्तच आहे. त्यामुळे खडबडीत शेणामातीची भिंत गोड दिसते म्हणून भट्टीच्या खोलीत आणायची नाही. तिथे घोटून तुळतुळीत केलेला चुना किंवा पुरेशा उंचीपर्यंत दगडी फरशी. लाकूड छताला, दाराला, बसायच्या बाकाला. खवा मळायला आणि पेढे वळायला स्टीलची परात. पितळी परात वापरायचीच असेल तर कल्हई केलेली. सुट्या मिठाईसमोर ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणं २०२० च्या ऑक्टोबरपासून बंधनकारक करण्यात आलं होतं. अशी पाटी लाकडाची करून खडूनं रोज लिहिता येते, छापील स्टिकरच हवा असं काही नाही.

कृष्णेच्या काठानं खाली सांगलीला गेलं की या साहित्याची खरी परीक्षा दिसते. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, गणपती पेठ इथल्या दुकानांत दिवसचे दिवस पाणी राहिलं. पूर ओसरल्यावर फुगलेले काऊंटर, सुटलेले सनमायके आणि भिजून लगदा झालेली छतं यांचे ढीग रस्त्याकडेला लागले होते. कर्ज काढून थाटलेलं दुकान कचऱ्याच्या ट्रॉलीत जाताना मालकानं पाहायचं, याचं दुःख बाहेरून कळणार नाही. चिंतामणराव पटवर्धनांच्या गणपती मंदिराचा काळा दगड मात्र दर पुरानंतर धुऊन पुसून तसाच उभा राहतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नैसर्गिक म्हटलं की सगळंच टिकतं, असं नाही. पांढऱ्या मातीत रचलेल्या भिंती पुरात विरघळतात, जुने वाडे असेच बसले. हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं पिढ्यान् पिढ्या माल कोरडा ठेवत आली, पण २००५ च्या पुरानं त्यातली कितीतरी निकामी केली. म्हणून पूररेषेतल्या दुकानाला माती नको. दगड, चुना आणि पक्कं सागवान. काऊंटर दगडी ठोकळ्यांवर, मांडणीच्या फळ्या उचलून माडीवर नेता येतील अशा सुट्या. त्या जुन्या फळ्यांच्या दाराचं शहाणपण इथे पुन्हा कामाला येतं.

खर्च? दगड आणि साग सुरुवातीला महाग पडतात, यात शंका नाही. सागासाठी मी नवं झाड तोडायला सांगणार नाही. पाडल्या जाणाऱ्या वाड्यांच्या तुळया, खांब, दारं जुन्या लाकडाच्या बाजारात येत असतात. रंधा मारला की आतून कोरं लाकूड निघतं. खरी अडचण चुना जाणणारा गवंडी मिळण्याची. देवळांच्या आणि किल्ल्यांच्या दुरुस्तीवर काम करणारी मंडळी आहेत, त्यांना गाठावं लागेल, सोबत आपला एखादा तरुण गवंडी शिकायला लावावा लागेल.

राहिला वेळेचा प्रश्न, कारण पेढ्याचं दुकान बंद ठेवून चालत नाही. दहावीचा निकाल, गणपती, दिवाळी, लग्नसराई, कुठेच उसंत नाही. पितृपक्षात गिऱ्हाईक कमी असतं, पण तेवढ्या पंधरवड्यात फरशीचं काम उरकेल, चुन्याचं नाही. चुना उन्हात भरभर वाळला तर तडकतो. गोणपाट बांधून, पाणी शिंपडून त्याला हळूहळू आवळू द्यावं लागतं. त्यासाठी पौष बरा: लग्नाचे मुहूर्त नाहीत, ऊन कोवळं, हवा कोरडी. दुकान अर्धं चालू ठेवायचं, अर्ध्या भिंती करायच्या आणि उरलेल्या पुढच्या पौषात.